मन्मथअप्पांचं पालथं घड्याळ

घड्याळ उघडलं की तोंड मिटायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला कायदा. माणसाच्या श्वासात ओल असते आणि केसाहून बारीक कमानीवर गंज चढायला तेवढी ओल पुरते. त्यामुळे दस्तगीरभाई अबोल माणूस, असा माझा उगीचच लौकिक झाला. खरं तर बोलायची मला लय हौस. पण सगळी जवानी डोळ्याला भिंग लावून, श्वास आवरून गेली. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद केलंय, आणि दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हटलंय. तेव्हा इतकी वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर पडणार, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

भाषेचंही जरा सांभाळून घ्या. निजामाच्या राज्यात शाळेत आम्ही सगळे, हिंदू काय नि मुसलमान काय, उर्दूच शिकलो. मराठी मी शिकलो ती परभणीच्या मोंढ्यात, गिऱ्हाइकांच्या तोंडून. काहींच्या तोंडून तर फक्त शिव्याच शिकलो.

मोंढ्याच्या तोंडाशी माझं दुकान होतं. दुकान कसलं, फळ्यांचं खोकं. समोर कापसाच्या गाड्या सुटायच्या आणि हंगामात हवेत इतकी रुई उडायची की चहाच्या कपात पडायची. घड्याळाचं आणि रुईचं हाडवैर. म्हणून मी कामाच्या मेजाभोवती ओला पडदा लावायचो आणि आत मान घालून बसायचो. गिऱ्हाइकाला माझी नुसती पाठ दिसायची.

तेव्हा परभणीला वेळ कळायला घड्याळ लागतच नव्हतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा, मशिदीत अजान व्हायची, टेसनात गाडी शिटी द्यायची. मनगटाला घड्याळ बांधायचं ते दिमाखासाठी. बोरीचे एक पाटील होते, त्यांनी माझ्याकडून चालू घड्याळ बंद करून घेतलं. चालून चालून आतली चाकं झिजतील, ही त्यांना धास्ती. पोखर्णीचे एक गृहस्थ देवळातल्या आरतीवर घड्याळ लावायचे आणि आरती मागंपुढं झाली की बोल मला लावायचे. लग्नसराईत जिंतूरकडचे वरबाप यायचे, नवरदेवाच्या हाताला सोहळ्यापुरतं घड्याळ भाड्यानं न्यायला. अक्षता पडताना नवरदेव मान खाली न घालता मनगटाकडंच बघत राहायचा, असं नंतर कानावर यायचं. मला या मंडळींचा कधी राग आला नाही. वेळ सांगण्याशिवाय घड्याळाचे आणखी किती उपयोग असतात, ते मला यांनीच शिकवलं.

या सगळ्यांत वरचा नंबर मन्मथअप्पांचा.

मन्मथअप्पा मोंढ्यातले कापसाचे अडते. लिंगायत, वागायला कडक, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. माणूस शब्दाचा पक्का आणि जिभेचा तिखट. एक दिवस ते माझ्या फळीपाशी आले आणि डावा हात पुढं करून म्हणाले, घड्याळ बघा. मी बघितलं. चांदीच्या कड्यात बसवलेली सोन्याची चौकोनी पाटी होती, आरशासारखी साफ. ना काटा, ना आकडा. अप्पा थट्टा करणाऱ्यातले नव्हते, म्हणून मी वाकून पुन्हा बघितलं. मग त्यांनी अंगठ्यानं पाटीची कड बाजूला सरकवली. पाटी खोबणीतून सरकली, उभी राहिली, पालथी झाली आणि चट्ट असा आवाज होऊन जाग्यावर बसली. आणि खालून घड्याळ वर आलं.

मी तोंडावर हात धरला. उघड्या घड्याळासमोर श्वास धरायची सवय ती.

मी त्यांना पुन्हा करायला लावलं. मग स्वतः केलं. आजवर माझ्या हातून शेकड्यांनी घड्याळं गेली असतील, पण असलं एकही नाही. काडीपेटीपेक्षा लहान. तबकडी चंदेरी, आकडे उंच आणि सडपातळ, काटे निळ्या पोलादाचे. सेकंदाचा काटा नाहीच. ज्याला घाई आहे त्यानं दुसरं बघावं, असा रुबाब. वरच्या आणि खालच्या कडेला नुसत्या तीन-तीन रेघा कोरलेल्या. नक्षी म्हणून तेवढंच. आपल्याकडं सोनं दिसलं की त्यावर मोर काढल्याशिवाय कारागिराला झोप येत नाही. इथं स्वित्झर्लंडातल्या कुण्या शहाण्यानं तीन रेघांवर हात आखडला होता, आणि ते इतकं देखणं दिसत होतं की मला त्या माणसाला भेटावंसं वाटलं.

पुढं आतलं बघितलं तेव्हा तर मी गारच झालो. चौकोनी घड्याळं मी पाहिली होती. पण त्यांच्या पोटात गोल मशीन कोंबलेली असायची आणि कोपरे रिकामे. याची मशीनही चौकोनी, घराच्या मापानं घडवलेली. जे कुणाला कधी दिसणार नाही, तेही त्यांनी नेटकं केलं होतं. आमच्यासारख्या चार-दोन घडीसाजांसाठीच केलं म्हणा ना.

पण ते पालथं काहून व्हायचं? अप्पांनी सांगितलं. हैदराबादेत एका नवाबाच्या घरचं सामान विकायला निघालं होतं, तिथून त्यांनी ते घेतलं. नवाबजादा घोड्यावर बसून लाकडी काठीनं चेंडू मारायचा खेळ खेळायचा. त्यात काठी मनगटावर बसली की काच फुटायची. म्हणून खेळाला उतरताना तोंड आत आणि पाठ बाहेर. विकणाऱ्यानं अप्पांसमोर घड्याळ पालथं करून त्यावर काठी मारून दाखवली होती. पालथं केलं की याला काही होत नाही, हे वाक्य त्यांनी तेव्हापासून गाठीला बांधलं.

परभणीत घोडे होते ते टांग्याला, आणि त्यांच्यावर बसून चेंडू मारायची कुणाची टाप नव्हती. तरी घड्याळाचं वेड अख्ख्या मोंढ्याला लागलं. लोक काहीतरी निमित्त काढून अप्पांच्या गादीवर यायचे आणि म्हणायचे, अप्पा, एकदा पालथं करा की. अप्पा वरकरणी वैतागायचे आणि करून दाखवायचे. मी पुष्कळ विचार केला, यात एवढं काय आहे? मला वाटतं, जी वस्तू सारखी डोळ्यासमोर असते तिचं कौतुक लवकर सरतं. हे झाकलं जायचं, म्हणून पुन्हा बघावंसं वाटायचं.

एक गोष्ट मात्र अप्पांनी बदलून घेतली होती. घड्याळाला कातडी पट्टा होता. लिंग धारण करणाऱ्या माणसानं अंगावर कातडं कसं वागवायचं? म्हणून त्यांनी सोनाराकडून चांदीचं कडं करवलं, पेचाचं. आपल्या बायका हातात घालतात तसलंच. घातलं की पेच आवळायचा, आणि काढायचं तर बारीक पेचकस हवा. तो एक सोनाराकडं आणि एक माझ्याकडं. एकदा हातात चढलं की घड्याळ उतरायचं नाही.

तर असं हे घड्याळ बंद पडायला लागलं.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतल्या तेलाची खळ झाली होती, पांढुरकी. मला वाटलं, रुई. मोंढ्यातला माणूस, दुसरं काय असणार? पेट्रोलमध्ये सगळं धुतलं, नवं तेल दिलं. माझ्या दुकानात ते सुतासारखं चालायचं. अप्पांच्या हातात गेलं की काही दिवसांनी पुन्हा ठप्प. पुन्हा उघडावं तर पुन्हा तीच खळ. मी हैराण झालो. रुईचे तंतू भिंगाखाली दिसतात, इथं तंतू नव्हता. पानाचा चुना म्हणावं तर अप्पा पान खात नव्हते. कोड्यानं माझं डोकं खाल्लं. जेवताना घरवाली विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, पांढरं आहे पण रुई नाही, सांग काय? ती म्हणायची, तुमचे केस.

शेवटी अप्पांचा धीर सुटला. ते हैदराबादला गेले तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानात घड्याळ दाखवून आले. त्या दुकानदारानं मशीन उघडली, घासलेल्या चाकांकडं बघितलं आणि म्हणाला, एवढ्या नामी घड्याळात असली झिजलेली चाकं असणारच नाहीत, कुणीतरी आतला माल बदललाय.

झालं. अप्पांनी परत येऊन मोंढ्यात चारचौघांत सांगितलं, "दस्तगीरनं मशीन बदलली."

आता आमच्या धंद्यातली खरी गोम सांगतो. सोनार तुमच्या डोळ्यांसमोर तोलतो, शिंपी तुमच्यासमोर मापं घेतो. घडीसाज जे करतो ते गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि दिसलं तरी कळत नाही. आमच्याकडं विकायला एकच माल, इमान. ते गेलं की नुसता चिमटा आणि भिंग उरतं. आणि माझ्याकडं तर तो पडदा होता. लोक म्हणायला लागले, उघडच आहे, नाहीतर पडद्याआड कशाला बसतो? रुईसाठी बसतो, हे मी कुणाकुणाला सांगत फिरणार?

एकेक जण येऊन आपलं घड्याळ परत मागायला लागला. अर्धी खोललेली घड्याळंसुद्धा लोक पुडीत बांधून घेऊन गेले. कुणी तोंडावर काही बोलत नव्हतं, नुसते डोळे चुकवायचे. एकटे बोरीचे पाटील आले नाहीत. त्यांचं घड्याळ तसंही चालत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रागापेक्षा लाज जास्त. न केलेल्या गोष्टीचीही लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं. घरवाली म्हणाली, सोलापूरकडं जाऊ, तिथं आपल्याला कोण ओळखतं? मी हत्यारं बांधायलाही घेतली. पण एक गोष्ट मला जाऊ देईना. खरं सांगतो, ती इज्जत नव्हती. ते पांढरं काय आहे, हे कळल्याशिवाय मला परभणी सोडवेना.

म्हणून मी सरळ अप्पांच्या घरी गेलो. हातात भिंग, चिमटा आणि धुतलेला फडका. अप्पा ओसरीवर होते. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की पायरीवरच थांबलो. म्हणालो, एकदा तुमच्या डोळ्यांसमोर उघडू द्या, मग हाकलून द्या. त्यांनी साफ नकार दिला. तेवढ्यात आतून त्यांची आई बाहेर आली. तिला सगळं गाव अव्वा म्हणायचं. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"उघडू दे की त्याला," अव्वा म्हणाली. "चोर आसता तर दारात कशाला आला आसता?"

आईपुढं अप्पांचं चालत नसे. सोनाराला बोलवायचीही गरज नव्हती, पेचकस माझ्या खिशात होता. वारा नको म्हणून अव्वानं बाहेरचं दार लावून घेतलं. मी फडका पसरला, घड्याळ काढलं आणि धंद्यातला सगळ्यात मोठा नियम मोडला: गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, त्याच्या डोळ्याला भिंग लावून मशीन उघडली. श्वास धरा, एवढंच त्यांना सांगितलं. अप्पांनी इतका धरला की लाल झाले.

कड्यावरच्या ज्या बसक्या ताटलीत घड्याळ पालथं होऊन बसायचं, तिच्या खोबणीत पांढरं साचून वाळलं होतं. चावीच्या दांडीला तेच. चाकांच्या दातांत तेच. ते बारीक वाळूसारखं सगळं घासत होतं, म्हणून चाकं झिजलेली. मी कण बोटावर घेतला, जिभेला लावला. चुन्यानं जीभ भाजली असती, यानं भाजली नाही. वास घेतला. ओळखीचा वाटला, पण सापडेना.

अव्वानं माझं बोट नाकाशी धरलं आणि म्हणाली, "भस्म हाय ते. माझ्याच हातचं."

गोवऱ्या जाळून, भस्म वस्त्रगाळ करून, त्यात कापूर घालून घरासाठी तीच करायची. तिला भिंगाची गरज पडली नाही.

मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी अप्पांना विचारलं, पूजा कशी करता? त्यांनी सांगितलं. रोज अंघोळीनंतर डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा. आणि घड्याळ? ते डाव्याच मनगटावर, तळहाताच्या अंगाला. कड्याचा पेच रोज कोण काढणार? अप्पा पूजेला बसताना ते पालथं करायचे. पालथं केलं की याला काही होत नाही, हे विकणाऱ्यानं सांगितलेलंच होतं.

काठीसाठी ते खरं होतं. पाण्यासाठी नव्हतं. सरळ असतं तर पाणी काचेवरून घरंगळून गेलं असतं. पालथं केलं की भस्माचं पाणी तळहातावरून मनगटावर, कडेच्या फटीतून खाली ताटलीत जाऊन थांबायचं, आणि घड्याळाचं तोंड त्याच डबक्यात. ज्या कसबानं ते खेळात वाचायचं, तेच पूजेत त्याला बुडवत होतं. स्वित्झर्लंडवाल्यांनी घोड्याचा, काठीचा, चेंडूचा विचार केला. तळहातावर देव घेऊन बसणाऱ्या माणसाचा विचार त्यांच्या मनाला कुठून शिवणार? आणि मी तरी कुठं केला होता? मला इतका आनंद झाला की मी कशासाठी आलोय तेच क्षणभर विसरलो. अप्पांना मी रेघ काढून पाणी कसं जातं ते समजावून सांगत सुटलो.

 अप्पा भिंग डोळ्याला तसंच धरून बसले. म्हणाले, पूजेच्या आधी काढावं लागेल. मी म्हणालो, कडं बदला. ते नको म्हणाले. रोज संध्याकाळी मोंढ्यातून घरी जाताना तुमच्याकडं काढून ठेवतो, सकाळी पूजा करून मोंढ्यावर येताना घालून नेतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

आता मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतके दिवस गिळलेलं वर आलं. म्हणालो, "चोराकडं सोनं ठेवणार व्हय, अप्पा?"

"म्हनूनच तुमच्याकडं ठिवायलोय," अप्पा म्हणाले.

त्यांनी माफी मागितली नाही. त्यांच्या तोंडाला तो शब्दच ठाऊक नव्हता. पण दुसऱ्या संध्याकाळी, मोंढा फुटायच्या वेळेला, गाड्यांच्या गर्दीतून ते माझ्या फळीपाशी आले, हात पुढं केला, आणि मी पेच काढला. कागद नाही, पावती नाही. लोक बघत होते. सकाळी पुन्हा आले, हात पुढं केला, मी पेच आवळला. रोज असंच. परभणीकरांना फार समजावून सांगावं लागत नाही. पुडीत बांधून नेलेली घड्याळं हळूहळू माझ्याकडं परत आली. झिजलेली चाकं मी मुंबईहून मागवून बदलली, आणि गंमत बघा, या वेळी मी खरोखरच आतला माल बदलला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. पडदाही मी काढला नाही. तो रुईसाठीच होता.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य राहतं की जातं, कुणाला कळत नव्हतं. हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरायच्या. ते लोक माझ्या धर्माचं नाव घेऊन फिरत होते, आणि मला रस्त्यानं चालताना मान वर करवत नव्हती. पुष्कळ हिंदू घरं हद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली. मोंढा ओस पडला. मी आणि अप्पा त्या गोष्टी कधी बोललो नाही. ते हात पुढं करायचे आणि मी पेच आवळायचो.

एका सकाळी ते आले तेव्हा रस्त्यावर त्यांची गाडी जुंपलेली होती, आत अव्वा आणि बायकामाणसं. मी समजलो. घाईघाईनं पेटीतून घड्याळ काढलं आणि पेचकस घेतला.

अप्पांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "राहू द्या. आज पूजा व्हायची हाय माझी."

आणि त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते, अजून ओले. पूजा झाल्याशिवाय तो माणूस पाण्याचा घोट घेत नसे. मी पेचकस खाली ठेवला.  गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत मी घड्याळ हातात धरून उभा होतो. त्या दिवसांत सोनं सोबत घेऊन जाणं धोक्याचं होतं, हे खरं. पण पुरून ठेवायला घरात जागा होती, नात्यागोत्याची माणसं होती. त्यांनी ते मागं राहणाऱ्या दस्तगीरकडं ठेवलं.

मी रोज सकाळी त्याला चावी द्यायचो. पालथं करून बघायचो, सरळ करायचो. घरात धान्य नसलं तरी ते घड्याळ चालू होतं.

पुढं हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. आता भ्यायची पाळी आमची आली. कुणाचा राग कुणावर निघेल, सांगता येत नव्हतं. आमच्या मोहल्ल्यातली दुकानं बंद झाली, मीही घरवालीला घेऊन दुकानाच्या फळ्या लावून आत बसलो. बाहेर मोंढ्यात गर्दी आणि घोषणा. कुणीतरी फळी वाजवली. घरवालीनं मान हलवून नको म्हटलं. पुन्हा वाजली. मग आवाज आला, "दस्तगीरभाई, उघडा. पूजा झाली माझी."

मी फळी काढली. अप्पा उभे होते, अंगावर प्रवासाची धूळ, पाठीमागं गाडी तशीच उभी. घरी न जाता आधी इथं आले होते. मी म्हणालो, अप्पा, आत या. ते आत आले नाहीत. बाकडं ओढून दुकानाच्या पुढं, भर रस्त्यात बसले आणि डावा हात माझ्यासमोर धरला. येणारे-जाणारे थांबायला लागले. मी घड्याळ आणलं. ते चालू होतं. पेचकस धरला, पण घाईत पेच आट्यात बसेना. उभ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. लवकर आटपावं आणि फळी लावून घ्यावी, एवढंच मला वाटत होतं.

अप्पांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"सावकाश आवळा," ते म्हणाले. "समद्या मोंढ्याला दिसू द्या."